ग्रंथी: बांबूचे पेर आणि दोरीची गाठ

गाठ म्हणजे दोरीने स्वतःवरच घेतलेली पकड. गाठ मारण्यापूर्वी दोरी तराजूत टाकली आणि मारल्यावर पुन्हा टाकली, तर वजनात गुंजभरही फरक पडत नाही. दोरीत नवे काहीच आलेले नसते. तरीही गाठीमुळे होडी बंदराला थांबते, मासा गळाला राहतो, गाय खुंट्याला राहते. वस्तू म्हणून जिचे वेगळे अस्तित्व दाखवता येत नाही आणि परिणाम म्हणून जिचे अस्तित्व नाकारता येत नाही, अशी ही गाठ नेमकी काय आहे? भारतीय दर्शनांनी हाच प्रश्न बंध आणि मोक्ष या नावांनी चर्चिला आणि त्यासाठी वारंवार जो शब्द वापरला, तो ‘ग्रंथी’. मराठीतली ‘गाठ’ त्याच शब्दातून आली. पोथीच्या पानांना दोरा ओवून बांधत, त्यामुळे ‘ग्रंथ’ही त्याच कुळातला.

गाठ टिकते ती घर्षणावर. दोरीचा एक वेढा खुंट्याभोवती घेतला की धरणाऱ्या हाताचे बळ काही पटींनी वाढते. दुसरा वेढा घेतला की ते पुन्हा तितक्याच पटींनी वाढते. गणिती ऑयलरने अठराव्या शतकात या वाढीचे गणित मांडले, पण बंदरावरचे लोक ते हाताने आधीपासून जाणत होते. चांगल्या गाठीत खुंट्याचे काम दोरीच करते. एक पदर दुसऱ्याला वेढतो, आणि ओढ लागली की वेढे एकमेकांवर दाबले जातात. गळाला लागलेला मासा सुटण्यासाठी जितका झटतो तितकी गाठ आवळते, म्हणजे बंधाला लागणारे बळ बांधलेलाच पुरवत असतो. संसाराला पाश म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट नीट पाहिली होती.

या विद्येचे अतिशय सूक्ष्म रूप फ्लाय फिशिंगमध्ये दिसते. पिसे, लोकर आणि दोरा गळावर गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर टाकून मासा धरायची ही रीत. ईलियन या रोमन काळातल्या लेखकाने मॅसिडोनियातल्या ॲस्ट्रेअस नदीवरचे लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधतात, असे नोंदवून ठेवले आहे. या माशीला जवळजवळ वजन नसते. ती दूरवर जाते ती दोरीच्या वजनाने, त्यामुळे एकाच जाडीची दोरी इथे चालत नाही. रिळावरचा बारीक बळकट दोर, त्यापुढे जाड वजनदार फ्लाय लाइन, मग निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर, त्याच्या टोकाला केसासारखा टिपेट आणि शेवटी माशी, अशी ती साखळी असते आणि प्रत्येक सांध्याला वेगळी गाठ लागते. रिळाला सरकत्या फासाची आर्बर नॉट, जाड आणि बारीक दोर जोडायला खिळ्याच्या आधाराने मारायची नेल नॉट, जवळपास सारख्या जाडीच्या दोन तुकड्यांना ब्लड नॉट, जाडीत फरक असेल तर सर्जन्स नॉट, आणि माशीच्या नेढ्याला क्लिंच नॉट. या शेवटच्या गाठीत दोरा नेढ्यातून ओवून स्वतःभोवती पाचेक वेढे देतात आणि टोक परत नेढ्याजवळच्या फटीतून काढतात. आवळण्याआधी ती थुंकीने ओली करावी लागते, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमकुवत होते. दोर तुटतो तो बहुधा गाठीपाशीच. आणि आवळलेली क्लिंच नॉट सहसा कोणी सोडवत बसत नाही. माशी बदलायची तर दोरा कापतात आणि प्रत्येक बदलात टिपेट बोटभर आखूड होतो.

गाठींची दुसरी विद्या पाहायला ठाण्यात यावे. खोपट हे तिथले, आज एसटीच्या आगारामुळे ओळखले जाणारे नाव. तिथून स्थानकाकडे गेले की चेंदणी कोळीवाडा लागतो. बोरीबंदर ते ठाणे ही लोहमार्गाची पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी आली, आणि रेल्वेच्या रुळांनी हा कोळीवाडा दोन भागांत विभागला. पूर्वेचा भाग मीठबंदराच्या, म्हणजे खाडीच्या बाजूला आहे. इथे माशी-गळाची परंपरा नाही. इथली विद्या जाळ्याची, आणि जाळे म्हणजे हजारो सारख्या गाठी. सुई वरच्या डोळ्यातून काढायची, त्या डोळ्याच्या दोन्ही पदरांना मागून वेढा द्यायचा, स्वतःच्याच दोऱ्याखालून ओढून घ्यायची. पुढचा डोळा त्याच मापाचा यावा म्हणून मध्ये पट्टी धरायची. जगभरच्या हातजाळ्यांत आढळणारी ही गाठ आणि विणकर तुटलेला धागा जोडताना मारतो ती गाठ घडणीने एकच आहे. पूर्वी ताग आणि सूत होते, तेव्हा दोऱ्याच्या खरखरीतपणावर एकेरी गाठ भागत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुळगुळीत नायलॉन आले आणि गाठ सरकू नये म्हणून दुहेरी वेढा द्यावा लागला, कारखान्यात उष्णता देऊन गाठी पक्क्या कराव्या लागल्या.

मराठीने गाठींची दोन मुख्य कुळे केव्हाच ओळखली आहेत. एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि ओढल्याने सुटत नाही ती निरगाठ. कोळ्याला दोन्ही लागतात. जाळ्याची गाठ आयुष्यभर सुटता कामा नये, होडीच्या दोराची गाठ भरतीच्या वेळी एका झटक्यात सुटली पाहिजे. गाठ चांगली की वाईट हे तिच्या घट्टपणावर ठरत नाही, ती कशासाठी मारली यावर ठरते. धर्मग्रंथांत गाठ बहुतेकदा बंधनाची खूण म्हणून येते, पण लग्नगाठ, जानव्याची ब्रह्मगाठ आणि राखी यांत तीच गाठ पवित्र असते. श्रावणातल्या पौर्णिमेला कोळीवाड्यात समुद्राला नारळ अर्पण होतो आणि त्याच दिवशी घरोघरी राखी बांधली जाते.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. गाठ दोरीहून वेगळी आहे का? न्याय-वैशेषिकांच्या मते धाग्यांपासून कापड होते तेव्हा कापड ही एक नवी वस्तू, अवयवी, जन्माला येते. ती धाग्यांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहते, पण धागे म्हणजेच ती नव्हे. गाठीला हा नियम लावताना अडचण येते. गाठ पडलेली दोरी ही नवी वस्तू मानायची की जुन्याच दोरीत संयोग नावाचा नवा गुण उत्पन्न झाला असे मानायचे? दुसरा पर्याय त्यांना अधिक जवळचा. पण संयोगाला दोन द्रव्ये लागतात, आणि गाठीत तर दोरी स्वतःलाच भिडलेली असते. यावर त्यांच्या शास्त्रातून उत्तर निघते ते असे, की भिडतात ते दोरीचे दोन अवयव. म्हणजे गाठ ओळखण्यासाठी एकसंध दोरीला मनात दोन करावे लागते.

बौद्धांना अवयवीच मान्य नाही. मज्झिमनिकायातल्या महाहत्थिपदोपम सुत्तात असे सांगितले आहे की लाकूड, वेली, गवत आणि माती यांनी वेढलेल्या पोकळीलाच घर असे नाव मिळते. खोपट या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच, काटक्या-गवताची वेलींनी बांधलेली झोपडी. तिच्यातून काटक्या, गवत आणि बांधणी वजा केली तर खोपट म्हणून काही उरत नाही. पण सुत्ताच्या यादीत वेली आहेत हे महत्त्वाचे. सगळे साहित्य ढीग करून ठेवले तर त्याला घर म्हणत नाहीत, ते बांधावे लागते. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेचे सोळावे प्रकरण बंध आणि मोक्ष यांच्या परीक्षेला दिले आणि बंध, बांधला जाणारा आणि सुटणारा यांपैकी कोणालाच स्वतःचा स्वभाव नाही असे दाखवले. गाठीवर हा विचार तंतोतंत बसतो. गाठीला स्वभाव नाही, केवळ मांडणी आहे. मात्र स्वभाव नसणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे, हेही नागार्जुनाचेच म्हणणे आहे.

सांख्यांनी आणखी एक बाजू दाखवली. त्यांच्या मते पुरुष कधी बांधला जातच नाही. प्रकृती सात रूपांनी स्वतःलाच बांधते आणि एका रूपाने, ज्ञानाने, स्वतःलाच सोडवते. सांख्यसूत्रांत त्याला कोशकाराचा, म्हणजे रेशमाच्या किड्याचा, दृष्टांत आहे. मासेमारीच्या इतिहासात हाच किडा वेगळ्या वाटेने आला. 1935 साली नायलॉनचा शोध लागला, त्याआधी फ्लाय फिशिंगचे उत्तम लीडर रेशमाच्या किड्याच्या ग्रंथींतला द्रव ताणून केलेल्या तंतूंचे असत. स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतात त्याचा मोठा उद्योग होता. तो तंतू कोरडा असताना गाठ मारली तर तुटे, म्हणून आधी पाण्यात भिजवून मऊ करावा लागे.

दोरीचा दृष्टांत म्हटले की बहुतेकांना अंधारातला दोरी-साप आठवतो. अद्वैताचा तो लाडका दृष्टांत आहे. दिवा आणला की साप जातो, त्याला मारावे लागत नाही. त्यावरून निष्कर्ष असा की बंध अज्ञानाचा आहे आणि ज्ञान एकटेच पुरेसे आहे. दोरीचा दुसरा दृष्टांत, गाठीचा, याच्या उलट दिशेला जातो. दिवा लावल्याने गाठ सुटत नाही. उजेडात ती अधिक स्पष्ट दिसते एवढेच. कोणता पदर कोणत्या खालून गेला हे कळले, तरी बोटांना काम करावेच लागते. म्हणून बंधाला साप मानायचे की गाठ, यावर ज्ञान पुरते की साधनाही हवी, हा जुना वाद ठरतो. हे दोन दृष्टांत एकाच वाक्यात मिसळणारे प्रवचन ऐकायला गोड लागते, पण त्याने प्रश्न झाकला जातो.

शंकराचार्यांना ही अडचण ठाऊक होती. मुंडकोपनिषदातल्या हृदयग्रंथीचा अर्थ त्यांनी बुद्धीच्या आश्रयाने राहणारा, अविद्येच्या वासनांनी साठलेला काम असा केला, म्हणजे गाठीचे मूळ पुन्हा अज्ञानातच नेले. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी जीवन्मुक्तिविवेकात मात्र तत्त्वज्ञानाच्या जोडीला वासनाक्षय आणि मनोनाश हेही सांगितले आणि तिन्हींचा एकत्र अभ्यास हवा म्हटले. दृष्टांताच्या भाषेत सांगायचे तर साप गेल्यावरही दोरीला पडलेली गाठ उरते, हे त्यांनी मान्य केले. हा अद्वैताचा पराभव समजण्याचे कारण नाही. अनुभवाशी प्रामाणिक राहिल्याने सिद्धान्त अधिक बळकट झाला.

पण ‘ग्रंथी’ या शब्दात एक दुवा आहे, जो सहज नजरेतून सुटतो. संस्कृतात ग्रंथी म्हणजे दोरीची गाठ, आणि ग्रंथी म्हणजे वेळूचे पेर किंवा लाकडातली गाठही. गळ टाकणाऱ्याच्या हातात या दोन्ही ग्रंथी एकत्र असतात. काठी बांबूची, तिच्यात पेरे. दोरी सुताची किंवा नायलॉनची, तिच्यात गाठी. फ्लाय फिशिंगच्या जुन्या काठ्या बांबूच्या उभ्या चिरफळ्या चिकटवून करत आणि कारागिराचा बराच वेळ पेरे तासून सपाट करण्यात जाई. या दोन ग्रंथींचे गुण अगदी वेगळे आहेत. गाठ कोणीतरी मारलेली असते, पेर आपोआप वाढलेले असते. गाठीने दोरी दुबळी होते, पेराने बांबू ताठ राहतो. गाठ सोडवता येते, पेर सोडवता येत नाही, आरपार जायचे तर ते भेदावेच लागते.

शास्त्रांतली क्रियापदे या भेदाशी जुळतात. मुंडक आणि कठ उपनिषदांत हृदयाच्या ग्रंथींसाठी ‘भिद्’ धातू आहे, आणि मुंडकात तो भेद परतत्त्वाच्या दर्शनाबरोबर एकदम घडतो. छांदोग्याच्या सातव्या अध्यायात मात्र ‘विप्रमोक्ष’ हा शब्द येतो, म्हणजे सुटणे. तिथे आहारशुद्धीने सत्त्वशुद्धी, तिने स्मृती स्थिर, आणि स्मृती लाभल्यावर सर्व ग्रंथींची सुटका असा क्रम दिला आहे. भेद एका घावात होतो, सोडवणूक टप्प्याटप्प्याने होते. उपनिषदांच्या कर्त्यांनी हा फरक मुद्दाम केला असे सिद्ध करता येणार नाही. पण ज्यांनी शब्द इतके जपून वापरले, त्यांच्या क्रियापदांकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही.

जैन कर्मशास्त्रातली ग्रंथी स्पष्टपणे पेराच्या बाजूची आहे. उत्कट राग-द्वेषाचा परिणाम, म्हणजे जीवाची तशी अवस्था, हीच ती ग्रंथी, आणि तिची उपमा कठीण, दाट, गूढ अशा लाकडी गाठीशी दिली जाते. यथाप्रवृत्तिकरणाच्या, म्हणजे सहज घडत आलेल्या परिणामाच्या, ओघात जीव अनेकदा तिच्यापर्यंत येतो आणि माघारी फिरतो. अपूर्वकरण, म्हणजे पूर्वी कधीच झाला नव्हता असा परिणाम, घडला तरच ग्रंथिभेद होतो आणि अनिवृत्तिकरणातून, म्हणजे मागे न फिरणाऱ्या परिणामातून, सम्यक्त्वापर्यंत, म्हणजे यथार्थ श्रद्धेपर्यंत, वाट जाते. जिनभद्रगणींच्या विशेषावश्यकभाष्यात त्याला तीन वाटसरूंचा दृष्टांत आहे. चोर आडवे आल्यावर एक मागे पळतो, एक पकडला जातो, एक पार होतो. ठाण्यात टेंभी नाक्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर कोकण शत्रुंजय म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा ही परिभाषा या शहराला परकी नाही. महावीरांना प्राचीन ग्रंथ निर्ग्रंथ, म्हणजे ग्रंथी नसलेला, म्हणतात. हठयोगातल्या ब्रह्मग्रंथी, विष्णुग्रंथी आणि रुद्रग्रंथी याही भेदायच्याच आहेत. सुषुम्नेच्या पोकळ मार्गात त्या आडव्या येतात, जशी वेळूत पेरे येतात.

बौद्धांची बाजू गाठीची. पाली अभिधम्मात चार ‘गंथ’ सांगितले आहेत: लोभ, द्वेष, शीलव्रतांना आंधळेपणाने कवटाळणे आणि ‘हेच काय ते सत्य’ असा हट्ट. चौथा गंथ तत्त्वज्ञाने मांडणाऱ्यांसाठी खास जपून ठेवावा असा आहे. शूरंगमसूत्र हा ग्रंथ आठव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये पुढे आला आणि तो तिथेच रचला गेला असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात बुद्ध एका वस्त्राला एकामागून एक सहा गाठी मारतात आणि त्या कशा सोडवायच्या असे शिष्य आनंदाला विचारतात. डावीकडे ओढून सुटत नाही, उजवीकडे ओढूनही सुटत नाही. गाठीच्या मध्यातून ती सैल करावी लागते. आणि सहा गाठी एकाच वस्त्राच्या असल्या तरी एकदम सुटत नाहीत, क्रमाने सुटतात. जाळ्याचा गुंता सोडवणाऱ्या कोणालाही हे पटेल. टोके ओढणारा गुंता वाढवतो, मधला फास सैल करणारा वाट काढतो.

तिसरा मार्ग कापण्याचा. इसवीसनपूर्व 333 मध्ये गॉर्डियमला अलेक्झांडरने रथाची गाठ तलवारीने तोडली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. त्याच्या मोहिमेत असलेल्या ॲरिस्टोबुलसने सांगितलेली हकिकत वेगळी आहे. त्याच्या मते अलेक्झांडरने दांड्यातली मेख काढली आणि आत दडलेले टोक मोकळे केले. दुसरी कथा कमी नाट्यमय, पण अधिक शिकण्यासारखी. गाठ सुटत नाही ती बहुधा टोक सापडत नाही म्हणून.

टोकाचा हा मुद्दा गणितातही मूलभूत आहे. गाठींचा अभ्यास करणारे गणिती दोन्ही टोके जोडून बंद झालेल्या वक्रालाच गाठ मानतात. टोके मोकळी असली तर कितीही गुंतागुंतीची गाठ सरकवून काढता येते, म्हणून त्यांच्या हिशेबी ती गाठच नव्हे. त्यासाठी एकच मोकळे टोक पुरते. दुसरे टोक कितीही लांब गेलेले असो. बंधाविषयीचा भारतीय सिद्धान्त असाच आहे. जैन आणि वेदान्ती दोघेही बंध अनादी मानतात, पण भव्य, म्हणजे मोक्षाला पात्र, जीवाच्या किंवा ज्ञान्याच्या बाबतीत तो सान्त, म्हणजे अंत असलेला, आहे असे सांगतात. ज्याला आरंभ नाही त्याला अंत कसा, असा आक्षेप त्यावर नेहमी घेतला जातो. दोरीच्या भाषेत उत्तर सोपे आहे. मागचे टोक हाती नसले तरी पुढचे हाती आहे, आणि गाठ त्याच टोकावरून निघते.

गाठीला केवळ बंध मानण्याच्या विरुद्ध जाणारी सर्वांत प्रभावी परंपरा मासेमारांशीच जोडलेली आहे. नाथपंथाचे आद्य मानव गुरू मत्स्येंद्रनाथ. जुन्या कौल ग्रंथांत ते मासेमार म्हणून येतात. काश्मीरचे अभिनवगुप्त तंत्रालोकाच्या आरंभी मच्छंदांना, म्हणजे मत्स्येंद्रांना, वंदन करतात, तेव्हा त्यांनी टाकलेल्या जाळ्याचे वर्णन करतात. ते रागाने रंगलेले आहे, गाठी आणि छिद्रे यांनी भरलेले आहे, दूरवर पसरलेले आहे. गाठींबरोबर छिद्रांचा उल्लेख करणाऱ्या या तत्त्वज्ञाला जाळे खरोखर कळले होते. नुसत्या गाठींचे जाळे होत नाही आणि नुसत्या छिद्रांचेही नाही. मराठीतल्या नवनाथ भक्तिसारात बाळ मच्छिंद्र कोळ्याच्या घरी वाढतो आणि बापाने धरलेले मासे परत पाण्यात सोडतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानेश्वर आपली परंपरा आदिनाथांकडून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी सांगतात. म्हणजे मराठीतल्या या थोर तत्त्वग्रंथाच्या गुरुमालिकेत जाळे टाकणारा एक पूर्वज आहे.

राहतो तो सुटल्यानंतरचा प्रश्न. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मराठीत हट्टी माणसावर टीका म्हणून येते. वेदान्तात जळलेल्या दोरीचाच दृष्टांत जीवन्मुक्तासाठी येतो. अहंकाराचा आकार दिसतो, पण त्याने काही बांधले जात नाही. दोन्ही बोलणी खरी आहेत, कारण एक पिळाच्या आकाराविषयी आहे आणि दुसरे त्याच्या बळाविषयी.

म्हणून हृदयग्रंथी तोडायची, भेदायची की सोडवायची, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जे वृत्तींत वाढून पेरासारखे कठीण झाले आहे, त्याला अपूर्व बळाचा भेद लागतो, आणि जे सवयीने स्वतःच मारले आहे, त्याला उलट क्रमाने सोडवण्याचा धीर लागतो. जुन्या पोथीत ‘ग्रंथी’ हा शब्द भेटला की वाचकाने आधी त्याच्या शेजारचे क्रियापद पाहावे.